‘एनीबडी सीन माय बेबी?’ : उसन्या चालीपलीकडे या गाण्यात काही आहे का?

रविवार_दुपार

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९९७ च्या ‘एनीबडी सीन माय बेबी?’ची चर्चा दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबते. ध्रुवपदाची चाल गायिका के. डी. लँगच्या ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’वरून ढापली, गाण्याखाली बँडच्या मिक जॅगर-कीथ रिचर्ड्स या जोडीला लँग आणि तिचा सहरचनाकार बेन मिंक यांची नावंही छापली, म्हणजे गुन्हा कबूल आणि फाइल बंद. ती फाइल पुन्हा उघडावी असं वाटतं. शंका तीन आहेत.

पहिली : साम्य नक्की कशात आहे? कडव्यांत काहीच सारखं वाटत नाही. ध्रुवपदात वाटतं, पण बारकाईने ऐकायला गेलं की तेही निसटतं. कानाच्या भरवशावर न राहता हे घरी तपासायची काही रीत आहे का? हार्मोनियम, गिटार आणि लॅपटॉप एवढं सामान आहे.

दुसरी : या वादात द व्हर्व्ह या बँडचं ‘बिटर स्वीट सिंफनी’ दर वेळी का येतं? दोन्ही प्रकरणं एकच असल्यासारखी सांगितली जातात.

तिसरी आणि मुख्य : चालीचा मुद्दा बाजूला ठेवला तर गाणं म्हणून हे कसं आहे? माझ्या मते १९८१ च्या ‘टॅटू यू’ अल्बमनंतरच्या स्टोन्समध्ये हे पहिल्या पाचात बसतं. पटत नसेल तर कारणासकट खोडून काढा.

बी_साइड

आधी घटनाक्रम सरळ करून घेऊ, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

लँग आणि मिंक यांचं ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’ १९९२ चं, ‘आँजेन्यू’ या अल्बमवरचं. त्यासाठी लँगला १९९३ साली उत्कृष्ट पॉप गायिकेचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे हे कोपऱ्यात पडलेलं गाणं नव्हतं, रेडिओवर सतत वाजणारं होतं. स्टोन्सनी ‘ब्रिजेस टू बॅबिलॉन’ हा अल्बम १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओशन वे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजखाली दौऱ्याची घोषणा झाली आणि सप्टेंबरअखेर अल्बम बाजारात आला. त्यातून पहिलं बाहेर काढलेलं गाणं हेच.

साम्य बँडच्याच घरात सापडलं, हे पुष्कळांना माहीत नसतं. कीथ रिचर्ड्सने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय : घरी तो नव्या अल्बमची टेप वाजवत होता आणि त्याची मुलगी अँजेला व तिची मैत्रीण त्याच्यावर भलतंच गाणं म्हणायला लागल्या. ते ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’ होतं. अल्बम बाहेर पडायला थोडेच दिवस उरले होते. वकिलांना फोन गेले आणि दोन नावं वाढली. जॅगरचं म्हणणं, हे गाणं आपल्याला माहीतच नव्हतं. पुढे म्हणे त्याच्याच घरात मुलीच्या स्टिरिओवर ते वाजताना सापडलं. लँगने हा आपला मान समजला.

तेव्हा ‘पकडले गेले म्हणून नावं टाकली’ हे खरं नाही. तक्रार नाही, दावा नाही, नोटीस नाही. गाणं बाहेर पडायच्या आधीच नावं पडली होती. पैशाच्या वाटणीबद्दल मात्र अंदाज करू नका. चार नावं छापली म्हणजे प्रत्येकी पंचवीस टक्के असा नियम नसतो. वाटा करारात ठरतो आणि तो छापील श्रेयावरून कळत नाही.

आणखी एक गंमत. लँग आणि मिंक दोघे कॅनडाचे, आणि या गाण्याला सगळ्यात मोठं यश कॅनडातच मिळालं, तिथे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये २२ च्या वर सरकलं नाही.

पाटीपेन्सिल

पहिल्या शंकेला उत्तर देतो. जरा लांबेल.

दोन चाली तपासायच्या असतील तर अख्खी गाणी एकावर एक ठेवू नका. बहुतेक जण तेच करतात, आणि मग ढोलाचा ठेका, गिटार आणि दोन गळे यांच्या कालव्यात जे ऐकायचंय तेच सापडतं. ध्रुवपदाचा पहिला फेरा तेवढा कापून घ्या, दोन्हींचा साधारण आठ आठ बारांचा (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक गट). आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर असेल तर फक्त गाणं ठेवा आणि वाद्यं काढून टाका.

लय : गाण्यावर टाळी देत ६० ठोके मोजा आणि जितके सेकंद लागतील त्याने ३६०० ला भागा. ४० सेकंद लागले तर लय ९०, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका गाण्यात दुप्पट आणि दुसऱ्यात एकपट टाळी धरणे. उत्तरं दुपटीच्या आसपास फरकाने आली तर समजा टाळी चुकली. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरून दोन्ही एका लयीवर आणा. ९० चं ९६ करायचं तर सुमारे ६.६७ टक्के वाढवा. ‘चेंज स्पीड’ला हात लावू नका. त्याने लयीबरोबर पट्टीही चढते, रेकॉर्ड ३३ ऐवजी ४५ वर लावल्यासारखी. त्या गफलतीत पट्टी पाच स्वरांहून थोडी जास्त वर जाते (काळ्या-पांढऱ्या धरून पाच), तेव्हा तुलना संपलीच.

पट्टी : दोन्ही गाण्यांचा सा हार्मोनियमवर शोधा. इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. पाश्चात्त्य गाण्यात मायनर आणि त्याच्याच स्वरांचं मेजर अशी जोडी असते. मायनरचा सा धरला तर जो कोमल ग, तोच मेजरचा सा. अंतर तीन अर्धस्वरांचं. एका गाण्यात मायनरचा सा धरलात आणि दुसऱ्यात मेजरचा, तर चाल तीच असूनही सरगम पूर्ण वेगळी दिसेल आणि तुम्ही ‘साम्य नाही’ असं जाहीर करून मोकळे व्हाल. उपाय सोपा : सरगम दोन्ही प्रकारे लिहा आणि चारही जोड्या पडताळा.

सा सापडला की ‘चेंज पिच’ने दोन्ही एकाच पट्टीत आणा. एक अर्धस्वर म्हणजे कंपनसंख्येत सुमारे ५.९५ टक्के. जुन्या टेपवरून आलेलं ध्वनिमुद्रण हार्मोनियमशी तंतोतंत जुळत नाही, १०-२० सेंट इकडे तिकडे असतं (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). ते आधी सुधारून घ्या. नाहीतर बेसूर वाटेल आणि तुम्ही त्याचा दोष चालीला द्याल.

आता सरगम लिहिताना गंमत सुरू होते. मिंड, मुरकी, श्वास सगळं गाळा. टाळीवर पडणारे स्वर मोठ्या अक्षरात, मधले लहान अक्षरात. मग तीनच गोष्टी बघा : ओळ कुठल्या मात्रेवर उठते, सगळ्यात वर कुठे जाते, आणि कुठे येऊन बसते.

या दोन गाण्यांत साम्य निसटल्यासारखं का वाटतं, त्याचं कारण शब्दांत आहे. ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’ म्हणजे इंग्रजी उच्चाराने चार तुकडे. ‘एनीबडी सीन माय बेबी’ म्हणजे आठ. लँग स्वर लांबवत जाते, जॅगर तीच जागा तुकडे करून भरतो. बोल मोजत ऐकलंत तर दोन वेगळी गाणी. बोल सोडून नुसतं ‘अ’कारात गुणगुणलंत तर वळण आणि बैठक जवळ येते. अँजेला आणि तिच्या मैत्रिणीला ते पटकन सापडलं त्याचंही कारण हेच असावं : त्यांनी विश्लेषण केलं नाही, वरून गाऊन पाहिलं. एक चाल दुसरीच्या वाद्यमेळावर चढवून गाणं हीच सगळ्यात कडक चाचणी.

पण या चाचणीतही एक खड्डा आहे. दोन गाण्यांचे कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे स्वर) सारख्या क्रमाने जात असतील तर वाटेल ती चाल वरून ‘बसते’. ब्लूजची बारा बारांची चौकट घ्या, शंभर गाणी एकावर एक बसतील. म्हणून शेवटची पायरी : कॉर्ड पूर्ण बदला. एकच सा दाबून धरा, तानपुऱ्यासारखा, आणि दोन्ही ओळी त्यावर म्हणा. साम्य तरीही टिकलं तर ते चालीचं. नाही टिकलं तर ते कॉर्डचं होतं, आणि कॉर्डच्या क्रमावर कोणाची मालकी नसते.

तिसरी_घंटा

@पाटीपेन्सिल, तानपुऱ्याची चाचणी झकास. थोडी भर घालतो.

‘इतके सूर सारखे असले तरी चालतं’, ‘आठ बारांपर्यंत माफ’ असल्या गोष्टी संगीतवाल्यांत पिढ्यानपिढ्या फिरतात. असा कुठलाही आकडा कायद्यात नाही, अमेरिकेत नाही आणि आपल्याकडेही नाही. अमेरिकेत बघतात ते दोन गोष्टी : मूळ गाणं कानावर पडण्याची शक्यता होती का, आणि साम्य ठळक आहे का. मुद्दाम केलं की नकळत, याने सुटका होत नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’चा १९७६ चा निकाल याचसाठी प्रसिद्ध आहे. शिफॉन्स या गटाच्या ‘ही इज सो फाइन’ची चाल त्याने जाणूनबुजून नव्हे, मनाच्या तळातून उचलली असं न्यायाधीशांनी मानलं, आणि तरीही तो हरला. हे उदाहरण समोर असताना १९९७ मध्ये कोणताही वकील ‘मिकने ते गाणं ऐकलंच नव्हतं’ यावर बँडला झोपू देणार नाही. ग्रॅमी मिळालेलं, पाच वर्षं रेडिओवर वाजलेलं गाणं ऐकलं नव्हतं, हे कोणत्या कोर्टात टिकणार?

म्हणून नावं देण्याला मी मोठेपणा म्हणत नाही. व्यवहार होता. चोख होता, एवढंच.

आता ज्यांना ‘चाल उसनी’ म्हटलं की नाक मुरडायचं असतं त्यांच्यासाठी : संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असतं. चाल कुठून घेतली हे लपवायची गोष्टच नव्हती. वाचणाऱ्याला पद म्हणता यावं म्हणून ती आधी सांगायची. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला बंदिशींवरून चाली दिल्या म्हणून ती पदं कोणी खालच्या दर्जाची मानली नाहीत. प्रश्न उसनं घेतलं का हा नसून त्यावर काय उभं केलं हा आहे. स्टोन्सनी इथे फार उभं केलं नाही असं माझं मत, पण तो मुद्दा वेगळा.

खर्जातला

तिसऱ्या शंकेवर येऊ, तीच खरी.

तिसरी_घंटा, ‘फार उभं केलं नाही’ हे ध्रुवपद ऐकून म्हणताय. ध्रुवपद सोडून बाकीचं ऐका. गाण्याचा जीव बेसमध्ये आहे. बँडचा जुना बेसवादक बिल वायमन १९९३ मध्येच बाहेर पडला होता, आणि दौऱ्यावरचा डॅरिल जोन्सही इथे नाही. बेस आणि कीबोर्ड दोन्ही जेमी मुहोबेरॅकचे. बेस मंद, गोल, मध्ये मध्ये गप्प बसणारा आहे. वायमन ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे खेळायचा आणि कीथच्या गिटारला चिकटून राहायचा. इथे बेस कशालाच चिकटत नाही, एकटाच चालतो. शहरात रात्री कोणालातरी शोधत फिरणाऱ्या माणसाचं गाणं असेल तर ही चाल, म्हणजे पायांची चाल, अगदी बरोबर आहे.

कडव्यात मिक खालच्या आवाजात, अर्धवट बोलल्यासारखा गातो. ५४ वर्षांच्या गळ्याला हे शोभतं. त्याच काळातल्या इतर जलद गाण्यांत तो पंचविशीचा असल्याचं सोंग करतो आणि तिथे कान आंबतात.

निर्मितीत डस्ट ब्रदर्स आहेत, जॉन किंग आणि मायकल सिम्पसन. बीस्टी बॉइजचा ‘पॉल्स बुटीक’ (१९८९) आणि बेकचा ‘ओडिले’ (१९९६) हे त्यांचे काम. त्यांची पद्धत अशी : ठेक्याचा एक तुकडा कापायचा, त्याचा फास (लूप) करून फिरवत ठेवायचा, त्यावर थर चढवायचे. स्टोन्सची पद्धत याच्या बरोबर उलटी, सगळे एका खोलीत, कीथ आधी आणि ड्रमर चार्ली वॉट्स त्याच्या केसभर मागे. ही केसभर ढील म्हणजेच स्टोन्सचा ठेका. फासात ती ढील मरते, कारण प्रत्येक फेरी हुबेहूब तीच. कीथला या प्रकाराची चीड होती ती उगाच नव्हे. अल्बमवर निर्मात्यांची जत्रा आहे (डॉन वॉज, डस्ट ब्रदर्स, डॅनी सेबर, रॉब फ्रबोनी...) आणि दर दोन गाण्यांनी खोली बदलल्यासारखी वाटते.

तरीही या एका गाण्यात ते जमलंय, कारण विषयच हरवलेपणाचा आहे. ठेका यंत्रासारखा सरळ, माणूस तेवढा लटपटतो. ‘मायट अॅज वेल गेट ज्यूस्ड’ हे त्याच डस्ट ब्रदर्सचं काम, तिथे ब्लूजवर तीच यंत्रणा लादली आणि ते गाणं बसलेलं नाही. पद्धत तीच असून एकीकडे जमतं आणि एकीकडे फसतं, हे दोन्ही लागोपाठ ऐकलं की कळतं.

उणीव कुठे? ध्रुवपद फार वेळा येतं आणि दर वेळी थर वाढतात. शेवटच्या मिनिटात गाणं पुढे सरकत नाही, नुसतं जाड होतं. साडेचार मिनिटांचं हे गाणं पावणेचारला थांबवलं असतं तर बरं झालं असतं. ही कमजोरी चालीची नाही, संकलनाची आहे. लँग-मिंकची ओळ दोनदा ऐकायला अप्रतिम आहे, सातव्यांदा नाही.

बी_साइड

खर्जातला यांच्या बेसच्या मुद्द्याला +१. शेवटच्या मिनिटाबद्दलही.

एक गोष्ट राहिली. चालीच्या गडबडीत सगळे विसरतात की या गाण्यात दुसरीही उसनवारी आहे, आणि ती उघड आहे. मधल्या भागात येणारा रॅपचा तुकडा रॅपर बिझ मार्कीचा, त्याच्या १९८८ च्या ‘गोइन ऑफ’ अल्बममधल्या गाण्यातून कापलेला. हा प्रकार लँगच्या प्रकरणाहून वेगळा. तिथे चाल सारखी निघाली, म्हणजे रचनेचा हक्क. इथे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि रचनेचा हक्क, दोन्ही. दोन दारं, दोन किल्ल्या. चाल उसनी घेतली तर फक्त रचनेचं दार.

आणि माणूस कोण? तोच बिझ मार्की, ज्याच्यामुळे नमुना कापून वापरण्याचा सगळा धंदा बदलला. गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने होते. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. १९९३ मध्ये पुढचा अल्बम काढला त्याचं नाव त्याने ठेवलं, ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’. असा माणूस ज्या गाण्यात आहे त्याच गाण्यात मुख्य चालीची परवानगी शेवटच्या आठवड्यात घ्यावी लागावी, हा योगायोग कोणी लिहून काढला असता तर संपादकाने खोडला असता.

जुनी_पट्टी

‘बिटर स्वीट सिंफनी’वर.

द व्हर्व्हचं हे गाणंही १९९७ चंच, जूनचं, म्हणजे स्टोन्सच्या गाण्याच्या तीनेक महिने आधीचं. म्हणून दोन्ही प्रकरणांची खिचडी होते. त्यातलं तंतुवाद्यांचं सुरुवातीचं वळण अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणातून आलं, आणि ते ध्वनिमुद्रण म्हणजे स्टोन्सच्या १९६५ च्या ‘द लास्ट टाइम’चा वाद्यवृंदावरचा अवतार. स्टोन्सच्या मूळ गाण्यात तंतुवाद्यांचं ते वळण नाहीच. ते वाद्यवृंदासाठी डेव्हिड व्हिटेकरने रचलेलं. म्हणजे ज्या सुरांमुळे गाणं गाजलं ते जॅगर-रिचर्ड्सचे सूर नव्हेत, पण श्रेय त्यांच्या नावावर गेलं, आणि व्हर्व्हच्या रिचर्ड ॲशक्रॉफ्टने लिहिलेल्या शब्दांचं उत्पन्नही त्यात गेलं.

‘स्टोन्सनी लुटलं’ असं सरसकट म्हणतात ते मात्र अर्धवट आहे. स्टोन्सच्या १९७० पर्यंतच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क ॲलन क्लाइनच्या ॲबको कंपनीकडे होते. व्हर्व्हने ध्वनिमुद्रणाची परवानगी एकीकडून घेतली, रचनेची दुसरीकडून घ्यायची होती, आणि ती दुसरी बाजू क्लाइनच्या हातात. (हाच क्लाइन ‘माय स्वीट लॉर्ड’च्या प्रकरणात आधी हॅरिसनचा व्यवस्थापक होता आणि मग त्याने ५,८७,००० डॉलरला समोरच्या बाजूचेच हक्क विकत घेतले. कोर्टाने त्याला तेवढ्याच रकमेवर थांबवलं, पण माणूस ओळखून घ्या.) २०१९ च्या मे महिन्यात जॅगर आणि रिचर्ड्स यांनी आपला वाटा सोडला आणि हक्क ॲशक्रॉफ्टकडे परत आले.

याच्या पोटात आणखी एक पदर आहे. ‘द लास्ट टाइम’चं ध्रुवपद स्टेपल सिंगर्सनी पन्नाशीच्या दशकात गायलेल्या एका पारंपरिक गॉस्पेलवरून (चर्चमधल्या भक्तिगीतावरून) आलेलं. कीथने हे कधी लपवलं नाही, पण श्रेय छापलं ते जॅगर-रिचर्ड्स एवढंच. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं ‘लव्ह इन व्हेन’ १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’वर ‘वूडी पेन’ या भलत्याच नावाने छापलं गेलं, आणि जॉन्सनच्या गाण्यांवर कोणाचा हक्क नाही हा ॲबकोचा दावा अमेरिकी अपील कोर्टाने २००० साली फेटाळला.

त्यामुळे १९९७ चं गाणं या यादीत ठेवून बघा. ज्या वेळी मूळ गाणारे गरीब, काळे आणि दूर होते त्या वेळी नाव पडलं नाही. समोर ग्रॅमीवाली गायिका आणि जागा वकील होता तेव्हा पडलं. तिसरी_घंटा म्हणतात तो ‘व्यवहार’ हा शब्द मला म्हणून पटतो. पण याचा अर्थ असाही होतो की स्टोन्सच्या उसनवारीच्या इतिहासात सगळ्यात बदनाम झालेलं हे गाणंच सगळ्यात स्वच्छ आहे.

तिसरी_घंटा

@जुनी_पट्टी, बिनतोड. खर्जातला यांच्या सांगण्यावरून बेस धरून पुन्हा ऐकलं. कडव्यांबद्दलचं मत मागे घेतो. ध्रुवपदाबद्दलचं नाही : एकदा लँगचं मूळ डोक्यात बसलं की मिकचं ध्रुवपद तिची आठवण करून देण्यापुरतंच उरतं. तिच्याकडे त्या ओळीखाली कडव्यांपासून साचत आलेली ओढ आहे, अकॉर्डियन आणि व्हायब्राफोनचा तो विरळ पोत आहे, आणि ध्रुवपद हा त्याचा सुटलेला श्वास. स्टोन्सकडे कडवं आणि ध्रुवपद दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. दार उघडतं आणि एकदम झगमगाट.

अजून एक : त्याच अल्बमवरचं ‘आउट ऑफ कंट्रोल’ ऐका. बेसचा आराखडा आणि एकूण हवा टेम्प्टेशन्सच्या ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ची आठवण करून देते. तिथे वेगळं नाव नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण हवा कोणाच्या मालकीची नसते, चाल असते. आणि मंचावर टिकलं ते ‘आउट ऑफ कंट्रोल’च. २०१६ च्या हवानातल्या मैफलीतही ते होतं. ‘एनीबडी’ १९९७-९८ च्या दौऱ्यानंतर मागे पडलं. २००३ च्या एप्रिलमध्ये बँड मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर आला तोपर्यंत ते मंचावरून उतरलेलं होतं.

खर्जातला

मंचावरून उतरण्याचं कारण चाल नव्हे, यंत्रणा. ते गाणं फासावर आणि थरांवर उभं आहे. चौघे-पाचजण प्रत्यक्ष वाजवायला लागले की कडव्यातली पोकळी भरून जाते, आणि ती पोकळी भरली की उरतं काय तर ध्रुवपद. ‘आउट ऑफ कंट्रोल’मध्ये बेस सुरुवातीपासून ताण धरतो आणि शेवटी बांध फुटतो. मंचाला तेच लागतं.

‘दोन खोल्या’ हे मान्य. मला त्या दोन खोल्याच आवडतात.

रविवार_दुपार

सगळ्यांचे आभार. पाटीपेन्सिल यांची रीत वापरून पाहिली. मेजर-मायनरच्या खड्ड्यात पहिल्याच फेरीत पडलो. एकाच सा वर म्हटल्यावर ओळीची बैठक जुळते, चढण तितकी जुळत नाही.

एक व्यावहारिक शंका राहिली. छोट्या बँडने हे गाणं सभागृहात वाजवायचं आणि चित्रफीत यूट्यूबवर टाकायची तर चार जणांची परवानगी घ्यायची का? आणि कुठलं ध्वनिमुद्रण समोर ठेवून बसवावं?

पाटीपेन्सिल

चौघांना शोधत फिरायचं नाही. सभागृहात तुम्ही स्वतः वाजवणार असाल तर लागतो तो रचनेच्या जाहीर सादरीकरणाचा परवाना. आपल्याकडे तो आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) घेतात आणि रीतसर आयोजकाने घ्यायचा असतो. मध्यंतरात मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा परवाना लागतो. यूट्यूबवर रचनेवर दावा येईल आणि जाहिरातीचं उत्पन्न हक्कधारकांकडे जाईल, हे गृहीत धरून चला. वर्णनात चारही नावं लिहा : जॅगर, रिचर्ड्स, लँग, मिंक. बिझ मार्कीचा तुकडा मूळ गाण्यातून कापून चिकटवू नका. तो ध्वनिमुद्रणाचा हक्क आहे, आणि चित्रफीत बंद पडण्याची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच. तो भाग सरळ गाळा आणि तिथे चार बार नुसता बेस-ड्रम ठेवा.

समोर अल्बमवरचं ध्वनिमुद्रण ठेवा. नाचण्यासाठी केलेले रीमिक्स टाळा, त्यात बेस बदललाय. अल्बम हाताशी नसेल तर २००२ च्या ‘फॉर्टी लिक्स’ संकलनातही गाणं आहे.

बसवताना : बेसवाल्याला सांगा की कडव्यात गिटारच्या मागे जायचं नाही, जागा सोडायची. गिटार एकच, स्वच्छ आवाजात. दुसरी फक्त ध्रुवपदात. ड्रमरने मेट्रोनोम कानात लावून वाजवावं आणि कडव्यात झांजा अजिबात वाजवू नयेत. पट्टी गायकाच्या ध्रुवपदावरून ठरवू नका, कडव्यावरून ठरवा : सगळ्यात खालचा स्वर नीट बोलता येईल तिथे थांबा. ध्रुवपद चढं पडलं तर ते दोघांत वाटून घ्या, मूळातही तिथे मागे आवाज आहेतच. आणि तिसऱ्या ध्रुवपदानंतर थांबा. खर्जातला खूश होतील.

खर्जातला

झालो.